पीएफलॉग: फायरवॉलची नोंद कोरी का राहते आणि ती नीट कशी घ्यायची

"नियमात लॉग लिहिलंय, तरी फाइल कोरीच." ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमवर फायरवॉल चालवणाऱ्यांकडून हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की माझा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: फाइल राहू दे, डिव्हाइसवर काय दिसतंय? मग पलीकडे शांतता. डिव्हाइसकडे कोणी पाहिलेलंच नसतं. सगळे थेट फाइल उघडतात, ती रिकामी दिसली की नियम बदलतात, आणि तरीही काही होत नाही म्हणून मशीन रीबूट करतात.

पॅकेटचा प्रवास असा असतो. पीएफ म्हणजे ओपनबीएसडीची स्वतःची फायरवॉल. तिच्या नियमात 'लॉग' असेल तर पॅकेटची प्रत पीएफलॉग० या डिव्हाइसवर येते. हे खरं नेटवर्क कार्ड नव्हे, ऑपरेटिंग सिस्टीमने उघडलेली खिडकी आहे. त्या खिडकीतून टीसीपीडम्प, म्हणजे पॅकेटं छापून दाखवणारा प्रोग्रॅम, थेट बघू शकतो. त्याच खिडकीशी पीएफलॉगडी नावाचा डीमन (पडद्याआड सतत चालणारा प्रोग्रॅम) बसलेला असतो आणि तो दिसेल ते /व्हार/लॉग/पीएफलॉग या फाइलमध्ये उतरवतो. म्हणजे नियम, डिव्हाइस, डीमन, फाइल. दोष शोधायचा तो याच क्रमाने. फाइल सगळ्यात शेवटी.

आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांत आणि लहान लिपीत करायच्या. मोठं अक्षर लागेल तिथे तसं सांगतो. सगळं रूट म्हणून किंवा आज्ञेच्या आधी 'डोआस' (रूटच्या हक्काने चालवणारी आज्ञा) लावून चालवायचं.

## तयारी

मशीनला मॉनिटर आणि कीबोर्ड जोडता येतो का ते आधी बघा. दूरवरून एसएसएचने फायरवॉलचे नियम बदलणं म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड. दुसरा मार्गच नसेल तर निदान मशीनजवळ एखादा माणूस तरी फोनवर ठेवा.

/ईटीसी/पीएफ.कॉन्फची, म्हणजे नियमांच्या फाइलची, तारीख घातलेली प्रत काढा. 'डीएफ -एच' चालवून /व्हारमध्ये जागा किती उरली आहे ते पाहा. घड्याळ बरोबर आहे का, तेही बघा. वेळ चुकलेली नोंद इतर कुठल्याच नोंदीशी जुळत नाही आणि नेमकी गरज पडते तेव्हा निरुपयोगी ठरते.

आणि एक प्रश्न कागदावर लिहा: मला नेमकं काय कळायला हवंय? 'बाहेरून २२ नंबरच्या पोर्टवर कोण येतंय' हा प्रश्न झाला. 'सगळं बघायचंय' हा प्रश्न नव्हे, डिस्क भरायचा तो खात्रीचा उपाय आहे.

## टप्पा १: डिव्हाइस आणि डीमन जागे आहेत का

पीएफसीटीएल -एस इन्फो
इफकॉन्फिग पीएफलॉग०
आरसीसीटीएल चेक पीएफलॉगडी

पहिलीच्या उत्तरात वरच 'एनेबल्ड' दिसायला हवं. दुसरीत 'अप' आणि 'रनिंग'. तिसरीत 'ओके'. ओपनबीएसडीवर पीएफ आणि पीएफलॉगडी दोन्ही मुळातच सुरू असतात, त्यामुळे पीएफलॉग० सहसा बूट होतानाच तयार होतं. नसेल तर:

इफकॉन्फिग पीएफलॉग० क्रिएट
इफकॉन्फिग पीएफलॉग० अप

आणि मग पीएफलॉगडी रीस्टार्ट करा.

तपासणी: 'पीएस'च्या, म्हणजे चालू प्रोग्रॅमांच्या, यादीत पीएफलॉगडीच्या दोन ओळी असतात. एकीवर चौकटी कंसात 'प्रिव्ह', दुसरीवर 'रनिंग'. दुसरीवर 'सस्पेंडेड' दिसलं तर डीमन जिवंत आहे पण लिहीत नाही. बहुधा डिस्क भरलेली असते किंवा जुनी फाइल बिघडलेली असते. हा शब्द न वाचता पुढे गेलेला माणूस अख्खी दुपार नियमांशी झटत बसतो.

## टप्पा २: नियमात लॉग लिहिणं

निम्म्याहून जास्त चुका इथेच होतात, म्हणून इथे जरा थांबू.

शब्दाची जागा. आधी कृती, मग दिशा, मग 'लॉग', मग 'क्विक', मग इंटरफेस.

पास इन लॉग क्विक ऑन एग्रेस प्रोटो टीसीपी टू पोर्ट २२

'एग्रेस' म्हणजे इंटरनेटकडचं, बाहेरचं कार्ड. 'लॉग' ओळीच्या शेवटी लिहिलात की सिंटॅक्स एरर. ही चूक बरीच म्हणायची, निदान लगेच कळते तरी. पुढच्या चुका मुकाट्याने होतात.

शेवटचा जुळणारा नियम जिंकतो. हे समजा:

ब्लॉक लॉग ऑल
पास आउट
पास इन ऑन एग्रेस प्रोटो टीसीपी टू पोर्ट २२

पहिल्याच ओळीत लॉग आहे, म्हणून २२ वर येणाऱ्यांची नोंद होईल असं वाटतं. होत नाही. २२ वर आलेलं पॅकेट पहिल्या ओळीला जुळतं, पण शेवटी जुळते ती तिसरी ओळ, आणि तिच्यात लॉग नाही. नोंद होणार की नाही ते जिंकणारा नियम ठरवतो. 'क्विक' असलेला नियम आधी जुळला तर तिथेच निकाल लागतो. त्याच्या खाली कितीही लॉग लिहा.

फक्त पहिलं पॅकेट. पीएफ स्टेट, म्हणजे चालू जोडण्यांची आठवण, ठेवतो. साध्या 'लॉग'ने जोडणी सुरू करणारं पॅकेट तेवढं नोंदलं जातं, पुढची सगळी स्टेटवरून पार होतात. "एवढी मोठी फाइल डाउनलोड झाली आणि नोंद एकाच ओळीची?" हो, तसंच असतं. सगळी पॅकेटं हवी असतील तर 'लॉग' पुढे कंसात 'ऑल'. ते वापरायचं चिमूटभर मिठासारखं: एका पत्त्यासाठी, एका पोर्टसाठी, आणि काम झालं की काढून टाकायचं.

कोणता नियम पॅकेट खातोय ते कळत नसेल तर फाइलच्या वरच्या भागात, पहिल्या ब्लॉक-पासच्या आधी हे घाला:

मॅच लॉग (मॅचेस) फ्रॉम १९२.१६८.१.२५

आता त्या संगणकाचं पॅकेट ज्या ज्या नियमाला जुळेल, त्या प्रत्येक ठिकाणी एकेक नोंद पडेल. पॅकेट कुठून कुठे गेलं ते पायऱ्या मोजल्यासारखं दिसतं. माझ्या मते पीएफमधली ही सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कमी वापरली जाणारी सोय.

कंसात 'यूझर' लिहिलं तर सॉकेट कोणत्या वापरकर्त्याचं तेही नोंदलं जातं, पण ते फायरवॉल मशीनवरच्याच प्रोग्रॅमांपुरतं. ऑफिसातल्या कुणाच्या लॅपटॉपवर कोण बसलंय हे त्यातून कळत नाही. ती अपेक्षा सोडा.

सावध: फाइलच्या सुरुवातीला 'सेट स्किप ऑन एलओ' असतं. एलओ म्हणजे मशीनचा स्वतःशीच बोलायचा इंटरफेस. वगळलेल्या इंटरफेसवरची पॅकेटं पीएफकडे येतच नाहीत, त्यामुळे त्यांची नोंदही नाही. कुणी चाचणीच्या भरात तिथे ईएम० (या उदाहरणातलं बाहेरचं कार्ड) किंवा आतलं कार्ड घालून विसरलं असेल तर त्या कार्डावर नियमही चालत नाहीत आणि लॉगही.

## टप्पा ३: तपासा, मग लागू करा

पीएफसीटीएल -एनएफ /ईटीसी/पीएफ.कॉन्फ
पीएफसीटीएल -एफ /ईटीसी/पीएफ.कॉन्फ

पहिली फक्त वाचून चुका सांगते, दुसरी लागू करते. पहिलीने काहीही छापलं नाही तरच दुसरी.

नियम लागू केले तरी आधीच्या जोडण्यांच्या स्टेट तशाच राहतात. पास नियमात आत्ता लॉग घातलंत आणि तासाभरापूर्वीच्या एसएसएच सत्राची वाट बघत बसलात तर काहीच दिसणार नाही. नवी जोडणी करा, किंवा 'पीएफसीटीएल -के' आणि पुढे पत्ता देऊन त्या एका पत्त्याच्या स्टेट काढा.

सावध: मोठ्या एफने सगळ्याच स्टेट एका फटक्यात पुसायचा मोह होतो. तुमचं स्वतःचं एसएसएच त्यातच असतं. ते गोठेल आणि इमारतीतल्या सगळ्यांच्या जोडण्या तुटतील, तेही कुणीतरी व्हिडिओ कॉलवर असताना.

## टप्पा ४: खिडकीतून थेट बघणं

टीसीपीडम्प -एन -ई -टीटीटी -आय पीएफलॉग०

'-ई' विसरलात तर पॅकेट दिसतं, पण कोणत्या नियमाने काय केलं तो भाग गायब होतो, आणि पीएफलॉग बघायचं कारणच तो भाग. '-एन' नसेल तर प्रत्येक पत्त्याचं नाव शोधायला डीएनएसच्या विचारणा जातात, स्क्रीन अडखळते आणि त्या विचारणा लॉग होणाऱ्या नियमात बसल्या तर त्याही यादीत येतात. '-टीटीटी'ने तारीख येते.

आता बाहेरून २३ नंबरच्या पोर्टवर एखादी जोडणी करून बघा. 'बाहेरून' यावर जोर आहे. फायरवॉल मशीनवरूनच स्वतःच्या पत्त्यावर चाचणी केली तर पॅकेट एलओ०वरून फिरतं आणि ते तर आपण वगळलंय. आतल्या लॅपटॉपवरून बाहेरच्या पत्त्यावर केली तर पॅकेट आतल्या कार्डावरून येतं, म्हणून 'ऑन एग्रेस'चा नियम जुळत नाही. सोपा उपाय म्हणजे मोबाइलचा डेटा, वायफाय बंद करून.

तरी काही दिसत नसेल तर दुसऱ्या टर्मिनलवर खऱ्या कार्डावर, म्हणजे ईएम०वर, टीसीपीडम्प लावा. आत येणारं पॅकेट तिथे पीएफच्या आधी दिसतं. ईएम०वर दिसलं आणि पीएफलॉग०वर नाही: नियमात घोळ. ईएम०वरही नाही: पॅकेट तुमच्या दारापर्यंत आलेलंच नाही. आपल्याकडच्या बऱ्याच ब्रॉडबँड जोडण्यांना खरा सार्वजनिक पत्ता मिळत नाही. बाहेरच्या कार्डाचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल तर तो सेवा देणाऱ्याच्या सामायिक नॅटमागचा (अनेक ग्राहकांत एकच सार्वजनिक पत्ता वाटणाऱ्या सोयीमागचा) पत्ता आहे. बाहेरून कुणी येईल आणि नोंद होईल याची वाट बघण्यात अर्थ नाही.

सगळं जागेवर असेल तर अशी ओळ येते:

मे ०४ २३:१२:०९.४१८८३२ रूल ४/(मॅच) ब्लॉक इन ऑन ईएम०: २०३.०.११३.९.५१५१४ > १९८.५१.१००.७.२३: एस

डावीकडून वाचा. ४ नंबरच्या नियमाने, साध्या जुळणीमुळे, ईएम०वरून आत येणारं पॅकेट अडवलं. पाठवणारा २०३.०.११३.९, त्याचं पोर्ट ५१५१४. पत्त्यापुढे टिंब देऊनच पोर्ट लिहितात. पाच आकड्यांचा पत्ता कुठून आला म्हणून गोंधळू नका. शेवटचा 'एस' म्हणजे जोडणी सुरू करणारं सिन पॅकेट. कंसात 'मॅच'ऐवजी 'स्टेट-मिसमॅच', 'फ्रॅगमेंट' किंवा 'आयपी-ऑप्शन' आलं तर कारण नियमाच्या मजकुरात नाही, पॅकेटच्या अवस्थेत शोधायचं.

गर्दी कमी करायला शेवटी गाळणी लावता येते:

इनबाउंड अँड अ‍ॅक्शन ब्लॉक अँड ऑन ईएम०

सावध: आता माझा स्वतःचा मूर्खपणा. एका ऑफिसच्या फायरवॉलवर मी रात्री घरून एसएसएचने शिरलो होतो. २२ च्या नियमात 'लॉग (ऑल)' घातलं, पुन्हा लॉगइन केलं आणि टीसीपीडम्प लावला. स्क्रीन धो धो वाहू लागली. हल्ला झाला म्हणून मी घाबरलो, आणि पत्ता बघतो तर माझाच. छापलेली प्रत्येक ओळ एसएसएचनेच माझ्याकडे येत होती, तिच्या पॅकेटांची नोंद होत होती, त्या नोंदीच्या ओळी पुन्हा छापल्या जात होत्या. दूरवरून बघत असाल तर गाळणीत 'अँड नॉट पोर्ट २२' हवंच, किंवा तुमच्या पत्त्यासाठी वर लॉग नसलेला एक 'पास क्विक' नियम.

## टप्पा ५: नियमाचा नंबर जुळवणं

'रूल ४' म्हणजे फाइलमधली चौथी ओळ नव्हे. मोजणी शून्यापासून होते, आणि महिरपी कंसातली यादी पीएफ उलगडून तिचे वेगवेगळे नियम करतो. तीन पोर्टांची एक ओळ म्हणजे तीन नंबर. खरे नंबर असे बघा:

पीएफसीटीएल -व्हीव्हीएसआर

प्रत्येक नियमापुढे 'अ‍ॅट' चिन्ह आणि नंबर असतो, खाली किती वेळा तपासला गेला आणि किती पॅकेटं जुळली ते आकडे. पॅकेटांचा आकडा शून्यावरच असेल तर तो नियम जिंकतच नाहीये. टप्पा २ कडे परत.

नियम बदलले की नंबर सरकतात, जुन्या नोंदीतले नंबर मात्र तसेच राहतात. मागच्या महिन्याचा 'रूल ४' आजच्या यादीत शोधणं म्हणजे घरं पाडून नवी बांधल्यावर जुन्या घरनंबरावर पत्र टाकणं. म्हणून प्रत्येक बदलानंतर या आज्ञेचं उत्तर तारखेच्या नावाने एका फाइलमध्ये ठेवून द्या. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि ते कोणीच करत नाही.

## टप्पा ६: आता फाइल

फाइल बायनरी आहे. व्हीआयमध्ये उघडायची नाही, 'टेल -एफ' लावायचं नाही.

टीसीपीडम्प -एन -ई -टीटीटी -आर /व्हार/लॉग/पीएफलॉग

खिडकीत दिसलेलं पॅकेट फाइलमध्ये लगेच सापडत नाही, कारण पीएफलॉगडी डिस्कवर ६० सेकंदांनी लिहितो. मिनिटभर थांबा, किंवा रूटच्या पीएफलॉगडीला पीकिलने (नावावरून प्रोग्रॅमला सिग्नल देणारी आज्ञा) अलार्म सिग्नल द्या; हातातलं सगळं तो तेव्हाच उतरवतो.

पॅकेट पूर्ण नोंदलं जात नाही हेही लक्षात असू द्या. डीमन सुरुवातीचे १६० बाइट घेतो, आणि त्यातले सुमारे १०० पीएफलॉगच्या स्वतःच्या हेडरमध्ये जातात: नियम, कारण, इंटरफेस वगैरे. उरलेल्यात आयपी आणि टीसीपीचं हेडर कसंबसं बसतं. डीएनएसमध्ये कोणतं नाव विचारलं ते वाचायचं असेल तर मर्यादा वाढवावी लागते:

आरसीसीटीएल सेट पीएफलॉगडी फ्लॅग्स -एस २५६
आरसीसीटीएल रीस्टार्ट पीएफलॉगडी

इथे एक खोच आहे. जुनी फाइल १६० च्या मापाने सुरू झाली असेल तर डीमन ती फाइल संपेपर्यंत जुनंच माप वापरतो. म्हणून लगेच 'न्यूसिसलॉग' (जुनी लॉग फाइल बाजूला ठेवून नवी सुरू करणारा, म्हणजे फाइल 'फिरवणारा' प्रोग्रॅम) मोठ्या एफसह चालवून, पुढे फाइलचा मार्ग देऊन, नवी फाइल सुरू करा.

सावध: फाइल फुगली म्हणून 'आरएम' करू नका. डीमनने ती धरून ठेवलेली असते, तो अदृश्य फाइलमध्ये लिहीत राहतो आणि जागाही सुटत नाही. 'ग्रेटर दॅन' चिन्हाने रिकामीही करू नका. सुरुवातीचं पीकॅप हेडर (फाइलचं स्वरूप सांगणारे पहिले बाइट) पुसलं जातं आणि पुढे टीसीपीडम्प ती फाइल ओळखत नाही.

## टप्पा ७: फाइल फिरवणं

/ईटीसी/न्यूसिसलॉग.कॉन्फमध्ये पीएफलॉगची ओळ आधीपासून असते: परवानगी ६००, जुन्या प्रती ३, आकार २५० केबी, झेंडे मोठे झेड आणि बी, आणि शेवटी डीमनला हँगअप सिग्नल देणारी पीकिलची आज्ञा. 'बी' म्हणजे फाइल बायनरी आहे, तिच्यात 'लॉग फिरवला' अशी मजकुराची ओळ घुसवू नको. ही ओळ हाताने नव्याने लिहिताना लोक बी गाळतात आणि प्रत्येक नवी फाइल पहिल्याच बाइटपासून नासते.

आता हिशोब करा. एका नोंदीला जास्तीत जास्त १७६ बाइट धरले तर २५० केबीत साडेचौदाशेच्या आसपास पॅकेटं बसतात. सार्वजनिक पत्त्यावर 'ब्लॉक लॉग' असेल तर एवढी पॅकेटं जमायला फार वेळ लागत नाही, आणि चार फाइलींपलीकडचं सगळं पुसलं जातं. सर्ट-इनने (भारत सरकारची सायबर सुरक्षा यंत्रणा) २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार ज्यांना ते लागू आहेत त्यांनी लॉग १८० दिवस जपायचे आहेत, आणि घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) वेळेशी जुळलेली हवीत. तुमच्या संस्थेला हे कुठवर लागू होतं ते व्यवस्थापनाकडून लेखी घ्या, तोंडी नको. ठेवायचे असतील तर प्रती १८०, आकाराच्या जागी तारांकन, आणि वेळेच्या जागी डॉलर चिन्ह, मोठा डी, शून्य, म्हणजे रोज मध्यरात्री. आठवडाभराने फाइली मोजून /व्हार पुरेल का ते ठरवा.

जुन्या प्रती झेडमुळे दाबलेल्या असतात. त्या '-आर'ला थेट दिल्या तर फाइलचं स्वरूप चुकीचं असल्याची तक्रार येते. 'झेडकॅट'मधून टीसीपीडम्पकडे वळवा आणि '-आर'पुढे नुसती आडवी रेघ द्या.

## टप्पा ८: दुसरी खिडकी, लागली तर

एसएसएचच्या नोंदी बाकी कचऱ्यापासून वेगळ्या हव्या असतील तर:

इफकॉन्फिग पीएफलॉग१ क्रिएट
इफकॉन्फिग पीएफलॉग१ अप

रीबूटनंतरही ती हवी म्हणून /ईटीसी/होस्टनेम.पीएफलॉग१ या फाइलमध्ये 'अप' एवढाच शब्द. नियमात 'लॉग (टू पीएफलॉग१)'. मग दुसरा डीमन:

पीएफलॉगडी -आय पीएफलॉग१ -एफ /व्हार/लॉग/पीएफलॉग१

क्रम हाच ठेवा: डिव्हाइस, डीमन, आणि मग नियम. खिडकी नसताना नियम आधी लागू केला तर मधली पॅकेटं कुठेच नोंदली जात नाहीत. दुसरा डीमन बूटला आपोआप येत नाही, /ईटीसी/आरसी.लोकलमध्ये लिहावा लागतो. न्यूसिसलॉगमध्येही नव्या फाइलची ओळ घाला, बी झेंड्यासकट.

फ्रीबीएसडीवर हेच करणाऱ्यांसाठी दोन फरक. तिथे पीएफलॉग मुळात बंद असतं; आरसी.कॉन्फमध्ये पीएफलॉग_एनेबल 'येस' करावं लागतं. आणि तिथल्या टीसीपीडम्पमध्ये '-टीटीटी' तारीख छापत नाही, दोन पॅकेटांमधलं अंतर छापतो. तारखेसाठी चार टी.